सोळा पानं

अनुदान आलं नाही.
आलं ते दोन ओळींचं पत्र:
प्रस्तावित उपकरणे घरगुती वापराची,
सबब विचार करता येत नाही.

मग घरगुतीच शोधत हिंडलो, मी आणि ओजस्विनी महाडिक.
जयेंद्रगंजातला बंद पडलेला सायबर कॅफे,
नऊ यंत्रं, मालकानं किलोवरच विकायला काढलेली.
दोन थाटीपूरच्या टायपिंग क्लासची.
एक लग्नाच्या चित्रफिती जोडणाऱ्या अन्वरभाईंचं,
त्याच्या पोटात अजून कुणाची तरी वरात अडकलेली.
एकाच्या पाठीवर कंपासनं कोरलंय
पिंकू का है, हाथ मत लगाना.
उरलेली तीन नवी, माझ्या पगारातून, हप्त्यांनी.

कुणाच्याच नावामागे महा नाही, परम नाही.

लश्करात वाढलेली मी, मला पंगतच सुचली.
भिंतीलगत दोन ओळी, आठ आणि आठ,
झाकणं काढलेली, उन्हाळ्यात सदरे काढून बसावं तशी.
मधून निळ्या तारा. टोकाला वाढपी:
सगळ्यांत म्हातारं यंत्र. स्वतः काही मोजत नाही,
फक्त वाढतं, आणि कोणाचं झालं ते बघतं.

नियमही पंगतीचाच.
ज्याचं आधी झालं त्यानं उठायचं नाही.
शेवटच्याचा घास संपेपर्यंत
हात वाळवत बसायचं.

पानात काय, तर चंबळकाठचे बीहड.
पन्नास वर्षांत ते कुठवर शेत खात येतील,
एवढंच विचारलंय.
नकाशाच्या सोळा पट्ट्या, एकेकाला एक.
दर पावलाला शेजाऱ्याला विचारायचं,
तुझ्या बांधावरून माझ्याकडे किती माती आली?
भाऊबंदकी नाही, खरं तेवढंच सांगायचं.

मे महिना. शेहेचाळीस.
भरोसीलालनं खसाचा कूलर खिडकीबाहेर टांगला,
वारा आत, पाणी बाहेर, असं काहीतरी जुळवलं.
तिसऱ्या रात्री वीज गेली
आणि एकोणीस तासांची माती
जागच्या जागी बसली.
त्यानंतर दर तासाला लिहून ठेवतो, कुठवर आलो.
चूक झाल्यावर सुचलेलं शहाणपण.

आणि अकरावं.
रोज अकराव्यासाठी पंधरा थांबायची.
पंखा बदलला. मेमरी काढून खोडरबरानं घासली.
ओजस्विनी म्हणाली, मॅडम, हे पिंकूचंय,
हात लावू नका म्हणून लिहिलंच होतं की.
शेवटी ते उठवलं,
हप्त्यातलं नवं कोरं त्या जागी बसवलं.

तेही मागे पडलं.
पिंकूचं मात्र सोळाव्या पानावर
पटापट जेवून मोकळं.

तेव्हा कुठे मी यंत्र सोडून पान पाहिलं.
अकराव्या पट्टीत उतार असे तुटलेले,
घळीत घळ, तिच्यात आणखी एक,
की दर पावलाला हिशेब दहादा मागे फिरायचा.
बाकीच्यांकडे सपाट गव्हाची रानं.

भरोसीलाल झाडू घेऊन मागे उभा होता.
पडद्यावरच्या तांबड्या रेघेवर बोट न टेकवता म्हणाला,
यहाँ कुआँ था.
मग म्हणाला, वडील कुदळीनं दरवर्षी मेर घालायचे,
दरवर्षी.
मेर म्हणजे बांध, हे त्यानं मला समजावून सांगितलं.

पट्टी लहान करता आली असती.
अकराव्याचा भार तिघांत वाटून घ्यावा,
पुस्तकात तसंच आहे, आणि सोमवारी आम्ही तेच करू.

आज शनिवार आहे.
पहाटेचे तीन. पंधरा पंखे मंद झालेत,
अकराव्याचा तेवढा घरघरतोय.
भरोसीलालनं कूलरमध्ये बादली ओतली
आणि स्टूल ओढून त्याच्यासमोर बसला,
यजमानानं बसावं तसा.

सावकाश होऊ द्या, मी म्हटलं.
त्याला मराठी कळत नाही.
त्यानं मान हलवली.